एनएचएल टीमचं भविष्य कसं वाचायचं: लॉटरी, कॅप आणि कॉन्ट्रॅक्ट

कॅनडा-अमेरिकेत राहायला आलं की ऑफिसात, शेजारी, मुलांच्या शाळेत सगळीकडे हॉकी म्हणजे आइस हॉकी, तिची सगळ्यात मोठी लीग एनएचएल, आणि चार मॅच बघितल्या की ऑफसाइड, पॉवर प्ले, आइसिंग हे सगळं कळायला लागतं. पण आपण नवीन असलो की अडतो ते दुसरीकडेच, कारण लोक मॅचपेक्षा जास्त बोलतात ते पिक (नवीन खेळाडू निवडायचा नंबर) कोणाकडे आहे, कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) जागा किती आहे, ह्याचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय ह्यावर. ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या बऱ्याच मराठी मित्रांना हे समजावून सांगितलंय, आता एकदाच नीट लिहितो. एक संध्याकाळ काढलीत तर तुमची टीम पुढच्या तीन वर्षांत कुठे जाणार ह्याचा बऱ्यापैकी अंदाज तुमचा तुम्हाला येईल.

सुरुवात पॉइंट टेबलपासून करा पण तिथे फसू नका. 32 टीम, त्यातल्या 16 प्लेऑफला जातात, आणि ओव्हरटाइममध्ये हरणाऱ्यालाही 1 पॉइंट मिळतो. त्यामुळे टेबल कायम दाटीवाटीचं दिसतं आणि मार्च उजाडला तरी अर्ध्या टीमना वाटत असतं की आपला चान्स आहे. म्हणून नुसते पॉइंट बघू नका, 60 मिनिटांत जिंकलेल्या मॅच किती तो कॉलम बघा. पॉइंट सारखे झाले की लीगही आधी तेच बघते, आणि टीमची खरी ताकद तिथेच दिसते.

आता खालच्या 16 टीमकडे या, ड्राफ्टची लॉटरी, म्हणजे नवीन खेळाडू आधी कोण निवडणार ह्याची सोडत, त्यांचीच असते. आयपीएलच्या ऑक्शनची सवय असलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवायचा, तिथे ज्याच्या पर्समध्ये पैसे तो बोली लावतो, इथे ड्राफ्टमध्ये पैशाचा संबंधच नाही. टीमचे नंबर लावलेले असतात, आपला नंबर आला की एक पोरगा निवडायचा, आणि त्या पोराला एनएचएलमध्ये खेळायचं तर सुरुवातीला त्याच टीमशी बोलावं लागतं. हरणाऱ्याला आधी निवडू द्यायचं म्हणजे तो वर येईल, असा मूळ हिशोब. पण मग हरण्यातच फायदा दिसायला लागतो. 1983-84 मध्ये पिट्सबर्ग 38 पॉइंटवर तळाला राहिली, न्यू जर्सी 41 वर, आणि पिट्सबर्गला पुढे दिग्गज ठरलेला मारिओ लेम्यू मिळाला. 1993 मध्ये ओटावावर मुद्दाम हरल्याचे आरोप झाले आणि 1995 पासून लॉटरी आली.

लॉटरी चालते कशी तर 1 ते 14 नंबरचे बॉल मशीनमध्ये टाकतात, चार बाहेर येतात, त्याची 1001 कॉम्बिनेशन होतात, एक बाद करून उरलेली 1000 टीमना वाटलेली असतात. शेवटच्या टीमकडे 185, म्हणजे 18.5 टक्के, त्याच्या वरच्याकडे 135, असं कमी होत होत अगदी प्लेऑफच्या दारातून परत आलेल्या टीमकडे फक्त 5. असे ड्रॉ दोन होतात. जिंकलेली टीम जास्तीत जास्त 10 जागा वर चढते, त्यामुळे पहिला पिक फक्त खालच्या 11 टीमपैकीच कोणाला तरी मिळू शकतो. बाकीच्या पाचांपैकी कोणी पहिला ड्रॉ जिंकला तर पहिला नंबर तळाच्या टीमकडेच राहतो, म्हणून तिचा खरा चान्स 25.5 टक्के होतो. आणि दोनच ड्रॉ असल्यामुळे ती तिसऱ्याच्या खाली घसरू शकत नाही. आधी तीन ड्रॉ होते तेव्हा 2020 मध्ये डेट्रॉइट सगळ्यात वाईट खेळूनही चौथ्या नंबरवर गेली होती.

25.5 टक्क्यांचा अर्थ नीट धरून ठेवा, चारपैकी जवळजवळ तीन वेळा शेवटची टीम पहिला पिक हुकवणारच. 2025 चंच बघा. सॅन होजे तळाला होती पण पहिला ड्रॉ 3.5 टक्के चान्स असलेल्या न्यूयॉर्क आयलँडर्सने जिंकला, दहाव्यावरून थेट पहिल्यावर, आणि मॅथ्यू शेफर त्यांचा झाला. दुसरा ड्रॉ युटाने जिंकला पण ते चौदाव्यावर होते म्हणून दहा जागा चढून चौथ्यावरच थांबले.

पुढची गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे तुमच्या टीमचा पिक मुळात तुमच्याकडे आहे का हे तपासा. पिक दोन-दोन वर्षं आधी ट्रेडमध्ये गेलेला असू शकतो. 2018 मध्ये सॅन होजेने एरिक कार्लसनसाठी ओटावाला 2020 चा पहिल्या राउंडचा पिक दिला, तेव्हा सॅन होजे जोरात होती, दोन वर्षांत कोसळली, आणि तो पिक निघाला तिसरा. ओटावाने त्यावर टिम श्टुट्झलला घेतलं. ट्रेडच्या बातमीत 'टॉप-टेन प्रोटेक्टेड' असं काही दिसलं तर त्याचा अर्थ पिक पहिल्या दहात आला तर तो देणाऱ्याकडेच राहतो, आणि बहुतेक वेळा त्याऐवजी पुढच्या वर्षीचा द्यावा लागतो. ही अट आहे की नाही हे बघितल्याशिवाय खूश होऊ नका, रडूही नका.

आता माझं स्पष्ट मत. मुद्दाम हरून टीम उभी राहते ह्यावर माझा अजिबात विश्वास नाही आणि त्यासाठी बफेलोचा इतिहास वाचावा. 2013-14 ला शेवटचे, लॉटरी फ्लोरिडाने जिंकली. 2014-15 ला परत शेवटचे, त्या ड्राफ्टचा सगळ्यात मोठा स्टार कॉनर मॅकडेव्हिड डोळ्यांसमोर, लॉटरी एडमंटनने जिंकली. दोन्ही वर्षी बफेलोला दुसरा नंबर, त्यावर आले सॅम राइनहार्ट आणि जॅक आयकेल, दोघंही जबरदस्त खेळाडू. पुढे 2018 आणि 2021 ला पहिला पिकसुद्धा मिळाला. तरी 2011-12 पासून 2024-25 पर्यंत सलग 14 सीझन प्लेऑफ नाही, हा लीगचा रेकॉर्ड आहे. आणि स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, आयकेलने उचलला व्हेगासकडून 2023 ला, राइनहार्टने फ्लोरिडाकडून 2024 आणि 2025 ला. त्या शहरातल्या लोकांनी इतकी वर्षं तिकिटं काढून काय बघितलं असेल ह्याचा विचार केला की खरंच वाईट वाटतं. पोरगा मिळणं वेगळं आणि त्याच्याभोवती टीम उभी करणं वेगळं, आणि ते दुसरं काम होतं सॅलरी कॅपच्या आत.

कॅप आला 2005 ला, त्याच्या आधीचा 2004-05 चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला होता. पहिल्या वर्षी मर्यादा 3 कोटी 90 लाख डॉलर, 2025-26 ला 9 कोटी 55 लाख, 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख. खालचीही मर्यादा आहे, 2025-26 ला 7 कोटी 6 लाख, तेवढा खर्च करावाच लागतो. ह्या खालच्या मर्यादेमुळे मजेशीर सौदे होतात, म्हणजे 2016 ला पावेल डॅटस्युक रशियाला परत गेला, डेट्रॉइटच्या डोक्यावर त्याचे 75 लाख डॉलर राहिले, ते कॉन्ट्रॅक्ट ॲरिझोनाने घेतलं आणि बदल्यात वरचा पिक पदरात पाडला. असा सौदा दिसला की समजायचं ती टीम आत्ताचं नाही, पुढचं बघतेय.

कॅपमध्ये मोजतात ती त्या वर्षीची रोख रक्कम नाही, कॉन्ट्रॅक्टची सरासरी. ऑस्टन मॅथ्यूजचं कॉन्ट्रॅक्ट 4 वर्षं, 5 कोटी 30 लाख, तर दरवर्षी 1 कोटी 32 लाख 50 हजार मोजायचे, हातात कधी किती पडले ह्याने फरक पडत नाही. आणि डॉलरपेक्षा टक्के काढायची सवय लावा. मॅकडेव्हिडचे 1 कोटी 25 लाख 2018-19 ला चालू झाले तेव्हा कॅप 7 कोटी 95 लाख होता, म्हणजे 15.7 टक्के. 2026-27 पासूनच्या नवीन दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टला त्याने आकडा तोच ठेवलाय पण कॅप वाढल्यामुळे तो आता फक्त 12 टक्के. म्हणजे एडमंटनला पावणेचार टक्के मोकळे मिळाले, ह्याच कॅपमधले जवळजवळ 38 लाख डॉलर, चांगला डिफेन्समन येतो तेवढ्यात.

ह्याच पद्धतीने टोरंटो बघू. 2024-25 ला मॅथ्यूज, नायलँडर, तवारेस आणि मार्नर ह्या चौघांचे मिळून साधारण 4 कोटी 66 लाख, कॅप 8 कोटी 80 लाख. 53 टक्के चार जणांवर! उरलेल्या 47 टक्क्यांत गोलकीपर, डिफेन्स, तिसरी-चौथी लाइन सगळं बसवायचं. 2017 ते 2025 सलग नऊ वर्षं प्लेऑफ आणि त्यात फक्त दोन राउंड जिंकले, आणि माझ्या मते ह्याचं मोठं कारण हेच. चौघंही उत्तम खेळाडू आहेत, दोष त्यांना देऊच नये, पण एवढा पैसा सगळा वरच्या फळीत घातला तर खाली स्वस्तात खूप चांगलं सापडावं लागतं. फ्लोरिडाला ते सापडलं. गुस्ताव फोर्सलिंग वेव्हरवरून (दुसऱ्या टीमने सोडलेल्यांच्या यादीतून) फुकटात, कार्टर व्हरहेगीला टाम्पाने सोडून दिलं होतं.

म्हणून टीमच्या कॉन्ट्रॅक्टची यादी उघडली की सगळ्यात आधी हे शोधा, की आपल्या लायकीपेक्षा कमी पैशात कोण खेळतंय आणि अजून किती वर्षं. ड्राफ्टमधून आलेल्या पोरांचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट, 18 ते 21 वयात सही केली तर 3 वर्षांचं असतं आणि मूळ पगार बोनस सोडून दहा लाख डॉलरच्या आसपासच अडवलेला असतो. ड्राफ्टची खरी किंमत ह्या तीन वर्षांत आहे, स्टार खेळतोय आणि कॅपला जाणवत नाही. असे दोघं-तिघं एकाच वेळी आहेत का बघा, असतील तर ती टीम जिंकायची वेळ आत्ता आहे. ती वर्षं संपली की सगळे एकदम पैसे मागतात. एडमंटनने 2024 ला फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे दोघांना असंच गमावलं. सेंट लुईसने ऑफर शीट (कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या टीमची ऑफर, जुनी टीम तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवू शकते) पाठवल्या, जुळवायला एडमंटनच्या कॅपमध्ये सोयीची जागा नव्हती, दोघं गेले आणि हाती आले दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचे पिक.

मग यादीत खाली जाऊन मेलेला पैसा शोधा. मिनेसोटाने 2021 ला पॅरिसे आणि सूटर ह्या खेळाडूंचं बायआउट केलं, म्हणजे पैसे देऊन कॉन्ट्रॅक्ट मध्येच संपवलं, तर 2023-24 आणि 2024-25 दोन्ही वर्षी 1 कोटी 47 लाखांच्या घरात रक्कम अशा लोकांसाठी अडकली जे टीममध्ये नव्हतेच. ट्रेड करताना जुनी टीम खेळाडूचा निम्म्यापर्यंत पगार स्वतःकडे ठेवू शकते, तोही इथेच दिसतो.

जखमींची यादी पण बघा. लांबच्या दुखापतीत टीमला कॅपच्या वर जाता येतं, आणि 2025 पर्यंत प्लेऑफमध्ये कॅप मोजतच नव्हते. 2020-21 ला टाम्पाचा निकिता कुचेरोव्ह अख्खा सीझन बाहेर होता, प्लेऑफला आला, टीम कॅपच्या 1 कोटी 80 लाख वर आणि कप त्यांचाच. नियमात बसत होतं, पण मला ते कधीच पटलं नाही. 2025-26 पासून प्लेऑफच्या मॅचला उतरणारे 20 जण कॅपमध्ये बसावेच लागतात, हे फार आधी व्हायला हवं होतं.

लॉटरीला पर्यायही आहे आणि तो चालू आहे, महिलांच्या पीडब्ल्यूएचएलमध्ये. तिथे प्लेऑफमधून बाद झाल्यावर जी टीम जास्त पॉइंट मिळवेल तिला पहिला पिक. लवकर बाद झालेल्याला मॅच जास्त मिळतात, म्हणजे कमजोर टीमचा फायदा राहतो पण तो जिंकूनच घ्यावा लागतो. 2024 ला न्यूयॉर्क शेवटी राहूनही ह्याच पद्धतीने पहिली आली आणि सारा फिलियरला घेतलं. एनएचएलने हे उचलावं असं मला मनापासून वाटतं.

बसायची वेळ म्हणाल तर दोन. एक मार्चमधली ट्रेड डेडलाइन झाल्यावर, पिक कोणाकडे गेले ते तेव्हा बरंचसं कळतं, आणि दुसरी 1 जुलैच्या आदल्या दिवशी, कारण 1 जुलैला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो. कागदावर तीन ओळी पुरतात, आपला पहिल्या राउंडचा पिक आहे का आणि कोणत्या अटीवर, वरच्या चौघांवर किती टक्के, आणि स्वस्तातले चांगले कोण नि त्यांची किती वर्षं उरलीत. ह्याच तीन ओळी तुमच्या डिव्हिजनमधल्या सगळ्यात तगड्या टीमच्या पण काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.