कुंडीला खालून पाणी देताय? मग या चुका टाळा

पसरट टबमध्ये थोडं पाणी घ्यायचं, त्यात कुंडी ठेवायची, तळाच्या भोकांतून माती पाणी ओढून घेते, मग कुंडी बाहेर काढून निथळू द्यायची. खालून पाणी देणं ते एवढंच. पानं भिजत नाहीत, वरची माती उकरली जात नाही, ओल तळच्या मुळांपर्यंत नक्की पोचते. माझ्या घरातल्या बहुतेक कुंड्यांना मी कित्येक वर्षं असंच पाणी देते आहे. या काळात जी झाडं हातची गेली, त्यांतली बहुतेक एकाच गैरसमजापायी गेली. तो म्हणजे, ‘खालून दिलं की झाड हवं तेवढंच पाणी पितं.’

असं नसतं. टबमधलं पाणी ओढते ती माती. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांतून पाणी वर चढत जातं. दिव्याची वात तेल ओढते ना, अगदी तसंच. याला केशाकर्षण म्हणतात. झाड न लावता नुसती मातीने भरलेली कुंडी टबमध्ये ठेवून बघा, तीही पोटभर पाणी पिईल. झाडाला तहान आहे की नाही, हे मातीला कळत नाही. पोकळ्या भरेपर्यंत ती ओढत राहते.

ताटलीत कायम पाणी ठेवणं

सगळ्यात जास्त झाडं या चुकीने मरतात. माझी एक पीस लिली अशीच गेली. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी संपलं की मी लगेच भरत होते. वरची माती कोरडी दिसायची, त्यामुळे आपण जास्त देतोय अशी शंकासुद्धा आली नाही. तीनेक आठवड्यांनी पानांनी माना टाकल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी दिलं. शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा तळाची माती काळीभोर, लगदा झालेली होती आणि तुंबलेल्या गटारासारखा वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोऱ्यासारखा तंतू उरला.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवा खेळायला जागाही आहे, तीच स्थिती कुंडीतही हवी. तळ सतत पाण्यात राहिला की पोकळ्यांतली हवा जाते, मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही तहानल्यासारखं कोमेजतं. म्हणूनच पानं कोमेजलेली दिसली की पाण्याला हात घालण्याआधी कुंडीच्या तळाच्या भोकात बोट घालून बघा. तिथे गच्च ओल असेल तर पाणी नको, मुळं तपासायला हवीत. तपकिरी, मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, पांढरी आणि टणक ठेवा. नव्या, निचऱ्याच्या मातीत, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत झाड लावा. मोठ्या कुंडीत लावलंत तर मुळं न पोचलेली माती ओली राहून कूज पुन्हा सुरू होते.

मग पाण्यात ठेवायचं किती वेळ? चार इंची कुंडीला साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतात, सहा-आठ इंची कुंडीला अर्धा ते पाऊण तास. पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. वरच्या मातीला हात लावल्यावर गारवा आणि किंचित ओल जाणवली की कुंडी बाहेर. नंतर पंधरा-वीस मिनिटं जाळीवर किंवा तिरकी ठेवून पूर्ण निथळू द्या. निथळण्याचा हा वेळ बरेच जण गाळतात आणि ठिबकणारी कुंडी तशीच शोभेच्या बाहेरच्या कुंडीत ठेवून देतात. तिथे पाणी साचतं आणि कुणाला दिसतही नाही.

माती पाणी ओढतच नाही तेव्हा

तास झाला, टबमधलं पाणी होतं तेवढंच आहे आणि माती वर कोरडी ठणठणीत. अशा वेळी बहुतेक जण आणखी तासभर ठेवतात. त्याने काही होत नाही. कारण शोधावं लागतं.

पहिलं कारण म्हणजे माती हाडासारखी वाळलेली असणं. पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) किंवा कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) यांचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण पार सुकलं की पाणी शोषायच्या ऐवजी झिडकारतं. पीट यात फारच हट्टी, कोकोपीट त्यामानाने लवकर वठणीवर येतं. असं मिश्रण आक्रसतं आणि कुंडीच्या कडेला फट पडते. अशा कुंडीला आधी वरून, थांबत थांबत, थोडं थोडं कोमट पाणी द्या. बांबूच्या काडीने मातीत चार-पाच ठिकाणी खोल टोचे मारा. माती जरा मऊ झाली की मग टबमध्ये ठेवा. एकदा ओल धरली की पुढच्या वेळी ती नेहमीसारखी पाणी ओढते.

दुसरं कारण कळायला मला फार वेळ लागला. एका मनी प्लांटची कुंडी कितीही वेळ ठेवली तरी वर ओल येईना. शेवटी मातीचा गड्डा अख्खा बाहेर काढला. तळाशी दोन बोटं जाडीचा खडीचा थर होता, निचऱ्यासाठी मीच घातलेला. खडी ओली, आणि तिच्यावरची माती पिठासारखी भुरभुरीत, मुळांना चिकटतही नव्हती. पोकळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं. खड्यांमधल्या मोठाल्या फटींतून ते वर चढूच शकत नाही आणि वातीचा धागा तिथेच तुटतो. खरं तर खडीच्या थराने निचराही सुधारत नाही. उलट, वरून दिलेलं पाणी त्या थराच्या वरच मातीत अडून राहतं. भोकातून माती सांडते म्हणून काही घालायचंच असेल तर जाळीचा तुकडा पुरे.

सालीच्या मोठ्या तुकड्यांत लावलेल्या ऑर्किडचं दुखणंही हेच. त्याला तळाशी इंचभर पाण्यात ठेवून उपयोग नाही. भांड्यात पाणी साल बुडेल इतपत उंच घ्या, झाडाचा शेंडा मात्र पाण्याबाहेर हवा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढून पूर्ण निथळवा.

आणखी एक गोष्ट अगदी साधी आहे, पण नजरेतून सुटते. काही प्लास्टिकच्या कुंड्यांचा तळ मध्ये उचललेला असतो किंवा भोकं बाजूला, जरा वर असतात. टबमध्ये अर्धा इंच पाणी असेल तर ते मातीला टेकतच नाही. कुंडीच्या उंचीच्या पाव ते एक तृतीयांश एवढं पाणी घ्या. त्याहून जास्त घेतलं तर हलकी कुंडी तरंगून कलंडते. भाजलेल्या मातीच्या कुंडीची भिंत स्वतःही पाणी पिते, तेव्हा तिच्यासाठी पाणी आणि वेळ दोन्ही थोडं जास्त धरा.

वरून कधीच पाणी न देणं

खालून पाणी द्यायला लागल्यावर आपण वरून देणं विसरूनच जातो. पाणी तळाकडून वर चढतं, पृष्ठभागावरून उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार मागे तिथेच राहतात. पाण्यातले आणि खतातलेही. काही महिन्यांत मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरट, खरखरीत पापुद्रा दिसू लागतो. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात, आणि आपण हवेच्या कोरडेपणाला दोष देत बसतो.

महिन्या-दीड महिन्यातून एकदा कुंडी मोरीत किंवा बेसिनमध्ये ठेवून वरून सावकाश भरपूर पाणी सोडा. कुंडीत मावणाऱ्या मातीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी तरी तळातून वाहून गेलं पाहिजे. पापुद्रा जाड असेल तर आधी तो वरच्या थोड्या मातीसकट अलगद खरवडून टाका. पातळ खत टबमधल्या पाण्यात मिसळून देत असाल तर ते पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने घ्या आणि ही धुलाई अजिबात चुकवू नका.

नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडालाही पहिलं पाणी वरूनच द्यावं. त्याने माती मुळांभोवती नीट बसते.

एकाच टबमध्ये सगळी वरात

वेळ वाचतो हे कबूल. पण मुळकूज करणाऱ्या काही बुरशीसदृश रोगांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत जातात. एका आजारी कुंडीने सगळ्या टबला लागण होऊ शकते. धडधाकट झाडं एकत्र ठेवायला हरकत नाही, शंका असलेलं वेगळ्या भांड्यात. उरलेलं पाणी ओतून टाका, पुढच्या कुंडीसाठी साठवू नका.

चिलटांवरचा उपाय अर्धाच करणं

मातीवर भुणभुणणाऱ्या बारीक काळ्या चिलटांसाठी खालून पाणी द्या असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. ही चिलटं वरच्या ओल्या थरात अंडी घालतात, अळ्याही बहुतेक वरच्या दोनेक इंचांत असतात. पण गंमत अशी की वरची माती ओली होईपर्यंत कुंडी पाण्यात ठेवली तर चिलटांना हवं तेच मिळतं. हा त्रास असेल तेव्हा मी वर सांगितलेली बोटाची खूण बाजूला ठेवा. पृष्ठभागापर्यंत ओल यायच्या आधीच कुंडी काढा. बांबूची काडी खोल खुपसून बाहेर काढली की ओल कुठवर आली ते दिसतं. अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत तीन-चार आठवडे जातात, तेव्हा महिनाभर तरी हे नेमाने करावं लागतं. जोडीला पिवळे चिकट कागद लावा, म्हणजे उडणारी चिलटं पुन्हा अंडी घालायच्या आधी अडकतात.

सगळ्या झाडांना एकच माप लावणं

आफ्रिकन व्हायोलेटला ही पद्धत मानवते. त्याच्या लवदार पानांवर गार पाणी पडलं की फिकट डाग पडतात आणि ते जात नाहीत. त्यामुळे टबमधलं पाणीही खोलीच्या तापमानाचं असू द्या. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि मांसल पानांच्या झाडांना खालून दिलेलं चालतं, पण दोन पाण्यांमध्ये माती तळापर्यंत सुकू द्यायला हवी. थंडीत किंवा कमी उजेडात हा काळ महिन्याच्या पुढेही जातो. व्हीनस फ्लायट्रॅपसारखी कीटकभक्षी झाडं मात्र उलट्या स्वभावाची. ती ताटलीतल्या पाण्यात उभी राहतात, पण पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणीच लागतं, नळाच्या पाण्यातले क्षार त्यांना सोसत नाहीत. दहा-बारा इंचांहून मोठ्या कुंड्यांच्या बाबतीत या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. ओल्या मातीचं वजन पाठीला झेपत नाही आणि ओल वरपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

वारानुसार पाणी देणं

‘दर रविवारी टब’ असा नेम सोयीचा असतो, पण झाडाला तो कळत नाही. त्यापेक्षा कुंडी उचलून बघा. पाणी देऊन निथळल्यावर एकदा उचला, आणि झाड तहानेला आल्यावर पुन्हा उचला. फरक हाताला चटकन कळतो. हाताचा अंदाज येईपर्यंत मी साधा वजनकाटा वापरला. माझ्या सहा इंची मनी प्लांटची कुंडी निथळल्यावर साधारण तेराशे ग्रॅम भरते आणि पाण्याला येते तेव्हा आठशेच्या आसपास. हे दोन आकडे कागदी चिकटपट्टीवर लिहून कुंडीच्या मागच्या बाजूला लावले आहेत. नवी पानं फुटून झाड वाढलं की ते पुन्हा मोजून बदलते.