औद्योगिक पशुपालनाला विरोध: ग्राहक आणि नागरिक काय करू शकतात

औद्योगिक पशुपालनाला, म्हणजे प्राणी मोठ्या संख्येने बंदिस्त जागेत दाटीवाटीने वाढवण्याच्या पद्धतीला, विरोध करायचा तर मांसाहार सोडायलाच हवा, असे अनेकांना वाटते आणि ते जमणार नाही म्हणून विषयच बाजूला पडतो. आहार बदलणे महत्त्वाचे आहेच. परंतु एका कुटुंबाच्या खरेदीपेक्षा मोठ्या संस्थांची खरेदी आणि देशाचा कायदा यांचे वजन कितीतरी अधिक असते, त्यामुळे आपली शक्ती कोठे लावायची हे आधी ठरवावे.

ताटापासून सुरुवात करणाऱ्याने प्रथम कोंबडी आणि अंडी यांचा विचार करावा. एका मोठ्या जनावरापासून मिळते तेवढे मांस मिळवण्यासाठी शंभराहून अधिक कोंबड्या लागतात, आणि मांसासाठी पाळला जाणारा ब्रॉयलर जातीचा पक्षी इतक्या वेगाने वाढवला जातो की साधारण सहा आठवड्यांत तो कत्तलीच्या वजनाला येतो व पुष्कळदा त्याच्या पायांना ते वजन पेलवत नाही. साहजिकच प्रकृतीच्या कारणाने लाल मांस सोडून तेवढीच कोंबडी खाऊ लागलेला ग्राहक बंदिस्त प्राण्यांची संख्या नकळत वाढवत असतो. मांस कमी करताना त्याची जागा कडधान्ये किंवा सोयाबीन यांनी भरून काढणे, आणि तरीही जे घ्यायचे ते कमी प्रमाणात पण चौकशी करून घेणे, हा अधिक सरळ मार्ग आहे.

चौकशी करताना वेष्टनावरील शब्दांनी भुलू नये. ‘नैसर्गिक’ किंवा ‘ताजे’ हे शब्द प्राणी कसा ठेवला होता याविषयी काहीही सांगत नाहीत. ‘हार्मोनविरहित’ कोंबडी ही तर निव्वळ जाहिरात आहे, कारण कुक्कुटपालनाच्या व्यवसायात तसे हार्मोन मुळात वापरलेच जात नाहीत. ‘पिंजरामुक्त’ या शब्दाला अर्थ आहे, पण मर्यादित: पक्षी पिंजऱ्यात नसतो, मात्र गादी पद्धतीच्या, म्हणजे जमिनीवर भुसा पसरलेल्या, बंद शेडमध्ये हजारोंच्या गर्दीत असू शकतो. विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. एका पक्ष्याला किती जागा मिळते, तो उघड्यावर जातो का, त्याची चोच छाटली आहे का, आणि या दाव्यांची तपासणी उत्पादकाशी संबंध नसलेली कोणती संस्था करते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर आधीच्या तिन्ही उत्तरांवर फारसे विसंबू नये. युरोपीय संघात अंड्यावरच क्रमांक छापणे बंधनकारक आहे. शून्य म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मुक्त संचार, २ म्हणजे बंद शेड आणि ३ म्हणजे पिंजरा. आपल्या देशात अशी खूण नसेल, तर ती मागणे हे निवेदनासाठी उत्तम पहिले कलम ठरते, कारण माहिती देण्याच्या मागणीला उघड विरोध करणे कोणालाही अवघड जाते.

यानंतरचे काम संस्थांचे. आपले महाविद्यालय, कार्यालय किंवा रुग्णालय यांच्या उपाहारगृहाचे कंत्राट कधी नव्याने होते याची माहिती काढावी आणि त्याआधी काही महिने लेखी प्रस्ताव द्यावा. तो ‘क्रौर्य थांबवा’ असा मोघम नसावा. ‘पिंजऱ्यातील अंडी अमुक तारखेपासून घेऊ नयेत’ इतका नेमका असावा, म्हणजे तो पाळला गेला की नाही हे तपासता येते. मॅकडोनल्ड्सने अमेरिकेतील आपल्या उपाहारगृहांसाठी पिंजरामुक्त अंडी घेण्याचे २०१५ मध्ये जाहीर केले, तेव्हा दहा वर्षांची मुदत घातली होती. मुदत नसलेले आश्वासन स्वीकारू नये.

कायद्याच्या बाबतीत चिकाटीला पर्याय नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे साधे पिंजरे (अधिक जागा व सोयी असलेले नव्हेत) बंद करण्याचा युरोपीय संघाचा निर्देश १९९९ चा, अंमल २०१२ पासूनचा. त्याआधी अशा पिंजऱ्यात एका कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा पुरेशी मानली जात होती. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ मध्ये थेट मतदानाने गाभण डुकरिणी, वासरे व कोंबड्या यांच्यासाठी किमान जागेचा नियम मंजूर केला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये कायम ठेवला. उलट, स्वित्झर्लंडमध्ये औद्योगिक पशुपालनावरील बंदीचा व्यापक प्रस्ताव २०२२ च्या सार्वमतात फेटाळला गेला. यावरून माझे मत असे, की एक पद्धत निवडून तिच्याविरुद्ध उभे राहणे सर्वंकष बंदी मागण्यापेक्षा अधिक फलदायी असते.

प्राण्यांविषयी आस्था नसलेल्यांनाही सोबत घेता येते. निरोगी जनावरांना केवळ वाढीसाठी प्रतिजैविके दिल्याने औषधांना न जुमानणारे जंतू निर्माण होतात, म्हणून युरोपीय संघाने तो वापर २००६ पासून बंद केला. या मुद्द्यावर डॉक्टर आपल्या बाजूने बोलतील. परिसरात मोठा प्रकल्प येत असेल, तर मलमूत्राची विल्हेवाट, विहिरींचे पाणी आणि दुर्गंधी यांवरील हरकती ठरलेल्या मुदतीत लेखी नोंदवून पोच घ्यावी. परवानगी दिली गेलीच, तर तिच्यातील अटींची प्रत मिळवावी आणि त्यांचे पालन होते की नाही याविषयी दरवर्षी संबंधित खात्याकडे लेखी विचारणा करावी.