रोंडो : रिंगणात उभं राहण्याआधी

फुटबॉलच्या सरावाच्या पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी हाक दिली, "चला, पाच-दोन रोंडो!" सगळ्या पटापट रिंगण करून उभ्या राहिल्या. मला तो शब्दच माहीत नव्हता आणि विचारायचा संकोच वाटला. पुढचा महिनाभर मी त्याला वॉर्मअप समजूनच खेळत होते. तुम्ही तो महिना वाया घालवू नका.

शब्द स्पॅनिश फुटबॉलमधला. रिंगणातल्यांनी चेंडू आपसात फिरवायचा, मधल्या एक-दोघांनी तो काढून घ्यायचा. ज्याचा पास चुकेल तो मध्ये. पाच-दोन म्हणजे बाहेर पाच, आत दोन. दिसायला मुलांचा खेळ. पण 1970च्या दशकात लाउरेआनो रुइझ या प्रशिक्षकांनी बार्सिलोना क्लबच्या युवा संघांत तो सरावाची पद्धत म्हणून रुजवला. 1988 मध्ये योहान क्रायफ तिथे प्रशिक्षक झाले आणि रोंडो रोजच्या सरावाचा कणा बनला. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या पेप गार्डिओलांनी पुढे प्रशिक्षक झाल्यावर स्वतःच्या संघांतही तो सोडला नाही. कारण उघड आहे: जागा कमी, वेळ कमी, अंगावर येणारा प्रतिस्पर्धी. मधल्या फळीतल्या खेळाडूला सामन्यात हेच भोगावं लागतं.

माझा खेळ सुधारला तो एका सीनियर ताईच्या एका वाक्याने. "चेंडू तुझ्याकडे निघाल्यावर कशाला बघतेस? त्याआधी बघ." तेव्हापासून चेंडू दुसरीकडे असतानाच मी मधल्या दोघींचे पाय पाहू लागले. अंग थोडं तिरकं ठेवलं की दोन्ही बाजूच्या जोडीदार दिसतात. येणारा चेंडू त्याच्यापासून लांबच्या पायावर घेतला की पुढचा पास लगेच सुटतो. शेजारणीला दिलेला सोपा पास चालतो, पण मधल्या दोघींच्या फटीतून पलीकडे गेलेला पास खरा मोलाचा, कारण त्याने दोघी एकदम मागे पडतात.

सुरुवातीला दोन टचची मुभा मागा: एका स्पर्शात चेंडू थांबवायचा, दुसऱ्यात पास द्यायचा. एक टचची घाई नको.

रोंडोत सहसा गोल नसतो, पुढे जायची दिशा नसते. त्यामुळे फटके आणि धावा वेगळ्या शिकाव्याच लागतात.

आणि मध्ये जावं लागलं तर ती शिक्षा समजू नका. मी तिथे नुसती चेंडूमागे पळायचे आणि दमायचे. मग आम्ही दोघींनी ठरवून घेतलं: एकीने चेंडूवर जायचं, दुसरीने मागची फट बुजवायची. त्या दिवशी चौथ्याच पासला चेंडू आमच्या पायात होता.