घटस्फोटाच्या संमतीपत्रात आधी देणी, मग मालमत्ता

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरले की नवरा-बायको आणि त्यांचे वकील बहुधा फ्लॅट कोणाचा आणि दागिने कोणाचे यावरच बोलायला बसतात, आणि कर्जाचा विषय ‘ते नंतर बघू’ म्हणून शेवटच्या परिच्छेदात जाऊन पडतो. हा क्रम उलटा करावा. मालमत्ता दोघांच्या संमतीने वाटता येते, पण कर्जात तिसरा पक्ष असतो आणि त्या तिसऱ्या पक्षाने, म्हणजे बँकेने, तुमच्या संमतीपत्रावर सही केलेली नसते. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशात ‘गृहकर्जाचे हप्ते यापुढे पती भरील’ असे लिहिले, तरी कर्जाच्या करारावर सहकर्जदार म्हणून पत्नीची सही कायम असते. तीन हप्ते थकले तर बँकेची नोटीस तिलाही येते आणि तिचाही सिबिल स्कोअर घसरतो.

आपल्याकडे लग्नामुळे मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही, हे आरंभीच समजून घ्यावे. महाराष्ट्रात ज्याच्या नावावर मालमत्ता आहे तो मालक, हा सर्वसाधारण नियम. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ न्यायालयाला वाटपाचा अधिकार देते, पण तो लग्नात किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरता. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथल्या नागरी संहितेखालील विवाहात, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा अर्धा-अर्धा हक्क असतो. पुढचे सर्व विवेचन महाराष्ट्रातील परस्पर संमतीच्या प्रकरणांसाठी आहे.

पहिले काम म्हणजे दोघांनीही आपापली पूर्ण यादी लेखी द्यावी. पोटगीच्या प्रकरणांत मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दोन्ही पक्षांनी दाखल करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनीश विरुद्ध नेहा या निकालात सांगितले आणि त्याचा नमुनाही दिला. तुमचे प्रकरण संमतीचे असले तरी तोच नमुना यादीसाठी वापरावा, कारण त्यात सहसा विसरली जाणारी खाती येतात. देण्यांच्या बाजूला गृहकर्ज, वाहनकर्ज, पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी तर लिहावीच, पण त्याबरोबर सोने तारण ठेवून घेतलेले कर्ज, मित्राच्या कर्जाला दिलेली हमी आणि सासऱ्यांकडून किंवा भावाकडून घेतलेली हातउसनी रक्कमही लिहावी. सोनेतारणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तारण ठेवलेले दागिने पत्नीचे आणि कर्ज पतीच्या नावावर, असे अनेक घरांत असते. दोघांनीही आपला क्रेडिट रिपोर्ट काढून एकमेकांना दाखवावा. तो नकोसा वाटला तरी मागावा.

यानंतर प्रत्येक कर्जापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: करारावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, आजची शिल्लक किती आहे आणि तो पैसा कशासाठी खर्च झाला. शिल्लक बँकेच्या पत्रावरूनच घ्यावी, मोबाइल अॅपवरच्या आकड्यावरून नव्हे. ज्याने स्वतःच्या धंद्यासाठी कर्ज घेतले त्याने ते फेडावे आणि जे घर चालवण्यासाठी घेतले ते दोघांनी वाटून घ्यावे, हा वाटाघाटीला न्याय्य वाटणारा पाया आहे. मात्र हा नियम कायद्याने घालून दिलेला नाही.

गृहकर्जाचे उदाहरण घेऊ. फ्लॅटची बाजारभावाने किंमत ९० लाख आणि कर्जाची शिल्लक ३८ लाख, म्हणजे खऱ्या अर्थाने वाटायचे आहेत ५२ लाख. दोघांचा हिस्सा समान मानला आणि फ्लॅट पत्नीने ठेवायचा ठरला, तर तिने पतीला २६ लाख द्यावेत किंवा ते तिच्या एकरकमी पोटगीत वळते करावेत. कागदावर हिशेब इथे संपतो, पण बँकेकडे तो इथून सुरू होतो. ३८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी धरले तर हप्ता सुमारे ३७,४०० रुपये येतो, आणि तो एकट्या पत्नीच्या पगारावर बसतो की नाही हे बँक नव्याने तपासते. नाही बसला तर पतीचे नाव कर्जातून निघत नाही, मग संमतीपत्रात काहीही लिहिलेले असो. म्हणून याचिका दाखल करण्यापूर्वीच बँकेत जाऊन सहकर्जदाराचे नाव कमी होईल का, हे लेखी विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर दुसऱ्या बँकेकडे कर्ज हलवणे, आईवडिलांपैकी कोणाला सहकर्जदार घेणे किंवा फ्लॅट विकून कर्ज फेडणे एवढेच मार्ग उरतात. भावनेपोटी घर राखून ठेवण्याचा हट्ट अनेकदा महागात पडतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लॅटमधला हिस्सा कोणत्या दस्ताने द्यायचा, यावर बराच खर्च अवलंबून असतो. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता पती-पत्नीत बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च किती येईल, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. ही सवलत नाते टिकून असेपर्यंतच, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होण्यापूर्वीच मिळते. पण बक्षीस म्हणजे मोबदल्याविना दिलेली वस्तू. पैसे घेऊन किंवा पोटगीच्या बदल्यात हिस्सा सोडला जात असेल, तर त्याला बक्षीसपत्राचे नाव देऊन मुद्रांक वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे मोबदल्यासह हक्कसोडपत्र किंवा खरेदीखत करावे. फ्लॅट बँकेकडे गहाण असेल तर कोणताही दस्त करण्याआधी बँकेची एनओसी लागते. शिवाय ज्या फ्लॅटबद्दल संमतीपत्रात तडजोड करायची आहे, त्याचे पूर्ण वर्णन याचिकेतही यायला हवे. नोंदणी कायद्यात तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट आहे, पण दाव्याच्या विषयात नसलेली स्थावर मालमत्ता त्यात आणली तर ती सूट मिळत नाही.

स्त्रीधन हा वाटपाचा विषयच नाही. ते पत्नीचे आहे आणि परत द्यायचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालच्या प्रतिभा राणी निकालापासून वारंवार सांगितले आहे. तरी संमतीपत्रात ‘पत्नीस तिचे सर्व दागिने मिळाले’ एवढेच मोघम वाक्य घातले जाते आणि पुढे त्याच वाक्यावरून भांडण होते. त्याऐवजी वस्तुवार लिहावे: ‘पाटल्या एक जोड, २२ कॅरेट, वजन ४० ग्रॅम, आज रोजी मिळाल्या; बोरमाळ, वजन १८ ग्रॅम, अमुक बँकेत तारण आहे, पतीने तारण सोडवून न्यायालयातील दुसऱ्या तारखेपूर्वी ती पत्नीच्या ताब्यात द्यावी.’ वजन सराफाकडून दोघांसमोर करून घ्यावे आणि पावती परिशिष्टात जोडावी.

भविष्य निर्वाह निधी थेट वाटता येत नाही. तो कायद्याने दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि जप्तही होत नाही. त्याची शिल्लक यादीत धरून तेवढ्या मूल्याची दुसरी रक्कम समोरच्याला द्यावी. गाडी, फर्निचर, फ्रीज यांवर फार वेळ घालवू नये.

आता पैसे देण्याचा क्रम. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे परस्पर संमतीची याचिका दाखल झाल्यावर सर्वसाधारणपणे सहा महिने थांबावे लागते. ही मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आहे. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम याचिका दाखल करतानाच देऊ नये आणि सगळी शेवटपर्यंत अडवूनही ठेवू नये. एक हप्ता याचिकेच्या वेळी, दुसरा हक्कसोडपत्राच्या नोंदणीच्या दिवशी आणि उरलेली रक्कम शेवटच्या तारखेला न्यायालयात डीडीने, ही रीत दोघांनाही सोयीची असते. डीडीचा क्रमांक, तारीख आणि बँक आदेशात नमूद करून घ्यावी.

देण्यांच्या परिच्छेदात तीन वाक्ये आवर्जून असावीत. कर्ज कोण फेडणार आणि कोणत्या तारखेपर्यंत दुसऱ्याचे नाव काढून घेणार, हे पहिले. ठरलेल्या तारखेपर्यंत नाव निघाले नाही तर फ्लॅट विकून कर्ज फेडायचे, हे दुसरे. आणि एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याला बँकेला पैसे भरावे लागले तर ते व्याजासह परत द्यायचे, हे तिसरे. ही तीन वाक्ये बँकेला बांधत नाहीत, पण माजी जोडीदाराकडून वसुली करण्याचा आधार त्यांतूनच मिळतो. मुलांची पोटगी मात्र ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीत मिसळू नये, कारण मुलांचा हक्क आईवडिलांना सोडून देता येत नाही.

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाती आली की ती बँकेत आणि सोसायटीत द्यावी, शेअर सर्टिफिकेटवरची नावे बदलून घ्यावीत, अॅड-ऑन क्रेडिट कार्ड बंद करावे आणि संयुक्त खाते शून्य शिल्लक करून बंद केल्याचे पत्र घ्यावे. विमा, म्युच्युअल फंड, बँक ठेवी आणि पीएफ यांवरचे नामनिर्देशन घटस्फोट झाला म्हणून आपोआप बदलेल अशा भरवशावर राहू नये. ते प्रत्येक ठिकाणी स्वतः बदलावे लागते. कर्जातून नाव निघाल्याचे बँकेचे पत्र मिळाल्यावर दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढावा आणि ते कर्ज त्यात अजून दिसत असेल तर बँकेकडे लेखी तक्रार द्यावी.