किनाऱ्यावर तेल आलं तर काय करायचं आणि काय अजिबात नाही

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडावर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, साधारण ८०० टन तेल समुद्रात गेलं आणि भरतीने ते तिवरांत नेऊन घातलं. असं पुन्हा कुठेही होऊ शकतं, म्हणून हे लिहितोय.

काळा तवंग दिसला की पहिला फोन कोस्ट गार्डला, १५५४. फोटो आणि लोकेशन तयार ठेवा. तेल ताजं असेल, वास डोक्यात जात असेल तर जवळ जाऊ नका, त्या वाफेत बेंझीन असतं.

तेल अजून पाण्यातच आहे? मग लगेच किनाऱ्यावरच्या बाटल्या, चपला, थर्माकोल सगळं उचलून भरतीच्या रेषेच्या वर न्या, कारण एकदा का तो कचरा तेलात माखला की तो घातक कचरा होतो आणि त्याची विल्हेवाट लावणं डोक्याला ताप.

खाडीचं तोंड अरुंद असेल तर तिवरं वाचवायला कोळीवाड्यातली जुनी जाळी घ्या, त्यात भाताचा पेंढा ठासून लांब वळकटी करा आणि कोस्ट गार्डला विचारून दोन्ही काठांना बांधा. सरळ आडवी नाही, तिरकी! पाणी सेकंदाला फूटभरापेक्षा जोरात वाहत असलं की आडव्या वळकटीखालून तेल निसटतं, तिरकी असली तर ते काठाकडे सरकतं आणि तिथे गोळा करता येतं. पेंढा भिजून बुडायला लागतो, तो बदलत राहायचा.

तिवरांच्या आत मात्र पाय टाकू नका, प्लीज. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली ती श्वासमुळं बघितलीत ना, त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेतं, तेल बसलं की ते गुदमरतं. त्यात आपण तुडवलं की तेल खाली चिखलात जातं, तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं काम रखडतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

पुळणीवर ओहोटीला, तेही सांगितल्यावरच, हातमोजे आणि गमबूट घालून सपाट फावड्याने फक्त वरचा थर काढा. जेसीबी नको, तेल वाळूत खोल मिसळतं. साबण, डिटर्जंट तर अजिबात नको. १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ या टँकरमधून तेल सांडलं त्या वेळी खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले, तेलातून वाचलेले जीव त्या धुण्याने मेले. पिशव्या अर्ध्याच भरा, ओली वाळू जड असते, फाटतात.

तेलात माखलेला पक्षी दिसला तर घरी धुवायला घेऊ नका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाला कळवा.

पायाला डांबर चिकटलं तर रॉकेल, पेट्रोल नको, खोबरेल चोळा, ते सुटलं की कापडाने पुसा आणि मगच साबण लावा.