घरमालकाच्या राउटरमागे आपला राउटर जोडताना

नवीन आलेली मुलं भाड्याच्या घरात चारपाच जणांसोबत राहायला लागली की महिनाभरात फोन येतो, "ताई, मी माझा राउटर लावलाय, नेट चालतंय, पण हॉलमधल्या लॅपटॉपवरून माझ्या खोलीतली हार्ड डिस्क सापडत नाही." मीसुद्धा इथेच अडकले होते, म्हणून लिहून ठेवतेय.

खोलीत फक्त वाय-फायची रेंज हवी असेल तर राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (तो वेगळं नेटवर्क न बनवता घरमालकाचंच नेट पुढे पसरवतो) टाका आणि विषय संपवा. स्वतःचं वेगळं नेटवर्क हवं असेल, तरच पुढे वाचा.

घरमालकाचा राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर आहे असं धरू. तुमचा १९२.१६८.२.१ करा. दोन्हीकडे पत्त्यांची एकच रेंज राहिली तर पुढचं काहीच चालणार नाही. तुमच्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमधून त्याच्या लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये केबल.

आता स्टॅटिक रूट, म्हणजे एखाद्या रेंजकडे कुठून जायचं ते राउटरला हाताने लिहून दिलेली वाट. तो घरमालकाच्या राउटरवर टाकायचा, तुमच्या नाही. त्याला १९२.१६८.२ ही गल्ली माहीतच नसते, त्यामुळे तिकडे जाणारी पाकिटं (डेटाचे तुकडे) तो बाहेर इंटरनेटकडे पाठवतो आणि ती वाया जातात. डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, शेवटी शून्यच. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे म्हणजे तुमच्या राउटरला घरमालकाच्या राउटरकडून मिळालेला पत्ता, समजा १९२.१६८.१.५०. सगळे चुकतात ते इथे. १९२.१६८.२.१ टाकतात. पण ज्या गल्लीची वाट विचारतोय, तिच्याच आतलं दार दाखवून कसं चालेल? गेटवे त्या राउटरला आधीपासून दिसणारा हवा.

हा .५० घरमालकाच्या राउटरवर डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (एका उपकरणाला कायम तोच पत्ता देणारी सोय) पक्का करा. माझा रूट तीन आठवडे छान चालला. मग एकदा वीज गेली, माझ्या राउटरला .५७ मिळाला आणि रूट .५० कडेच बोट दाखवत राहिला. दोन संध्याकाळी मी केबली बदलत बसले होते.

यानंतर तुमच्या राउटरवर नॅट (खोलीतल्या सगळ्या उपकरणांचे पत्ते राउटरच्या एकाच पत्त्यामागे लपवणारी सोय) बंद करा आणि फायरवॉलमध्ये फक्त १९२.१६८.१ रेंजला आत येऊ द्या. क्रम पाळा: आधी रूट, मग नॅट. उलट केलंत तर तुमच्या खोलीतून विनंती बाहेर जाते, पण उत्तराला परतीची वाट नसते. काही राउटर फक्त स्वतःच्याच रेंजसाठी नॅट करतात. तसं असेल तर रूट बरोबर असूनही तुमच्या खोलीतलं नेट बंद पडेल. मग नॅट पुन्हा चालू करा आणि जी सेवा हवी तेवढीच पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून फक्त तिलाच आत वाट द्या.

हॉलमधल्या लॅपटॉपवरून तुमच्या खोलीतल्या एखाद्या उपकरणाच्या पत्त्याकडे ट्रेसर्ट (पाकीट कुठून कुठून जातं ते दाखवणारी विंडोजची आज्ञा) चालवा. १९२.१६८.१.१ नंतर १९२.१६८.१.५० दिसला की रूट लागला. विंडोज दुसऱ्या रेंजमधल्या पिंगला ("आहेस का?" अशा हाकेला) सहसा उत्तर देत नाही, त्यावरून रूट चुकला असं समजू नका.

आता हात जोडून सांगते: घरमालकाच्या राउटरचं रिसेट बटण दाबू नका. मी दाबलं होतं. त्यात इंटरनेट कंपनीचं युजरनेम आणि पासवर्ड भरलेले होते, ते पुसले गेले आणि आमच्याकडे कुणाकडेच त्यांची नोंद नव्हती. अख्खं घर चार दिवस नेटशिवाय राहिलं. एका मैत्रिणीचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू त्यात गेला, आणि ती मला कधीच काही बोलली नाही, हे अजून सलतं. हात लावण्याआधी सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये घ्या, प्रत्येक पानाचा फोटो काढा. अडकलात तर नुसता बंद करून चालू करा. रिसेट नाही!

आणि घरमालकाला आधी लेखी विचारा. आपली माणसं "कशाला विचारायचं, कळणारही नाही" म्हणतात. मला ते पटत नाही. इथे दोन ओळींचा मेल पाठवला की बहुतेक जण हो म्हणतात, न विचारता केलेलं मात्र लक्षात ठेवतात.

घर सोडताना तुमचा रूट आणि रिझर्व्हेशन दोन्ही काढून टाका. आमच्या आधीच्या भाडेकरूचा असाच एक जुना रूट राहिला होता, आणि माझा नवा रूट "आधीच आहे" म्हणून राउटर घेतच नव्हता.