पाहिलेल्या चित्रपटावर मत कसे लिहावे

चित्रपट पाहून आल्यावर त्याच रात्री चार ओळी टिपून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर मित्रमंडळींत चर्चा रंगली की त्यातले आपले मत कोणते आणि ऐकलेले कोणते, हे वेगळे काढणे अवघड जाते. कथानक दोन-तीन वाक्यांत आटोपावे आणि शेवट फोडू नये.

खरा वेळ एखाद्या प्रसंगाला द्यावा. ‘अभिनय उत्तम’ एवढ्यावरून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी, आई मुलाला जेवायला वाढताना त्याच्याकडे न पाहता बोलते, कॅमेरा तिच्या हातावरच थांबतो आणि पार्श्वसंगीत नेमके तेथे बंद होते, असे लिहिले की दिग्दर्शकाने काय साधले ते दिसते. उलट, व्हायोलिनचा भडिमार करून रडवले असेल, तर तेही स्पष्ट लिहावे. अलीकडच्या चित्रपटांत हा दोष मला वारंवार खटकतो.

जुन्या चित्रपटाविषयी लिहिताना त्याच्या काळाची साधने ध्यानात घ्यावीत. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा आहे. तेव्हा पार्श्वगायन रूढ नसल्याने नट-नटी चित्रीकरणाच्या वेळीच स्वतः गात. हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्याला घाईने ‘नाटकी’ म्हणणार नाही.

तारे देण्याचा सोस शक्यतो टाळावा. द्यायचेच असतील, तर मजकूर पुरा झाल्यावर द्यावेत.